पंख झडलेल्या राणीची ओळख

मुंगीला पंख फुटले की तिचं मरण जवळ आलं, असं जुनी माणसं सांगतात. वर्धा जिल्ह्यात ही म्हण पडताळून पाहायचा हंगाम मृगाच्या आगेमागे येतो. मे महिनाभर तापलेली काळी जमीन भेगाळलेली असते आणि सरकी लावायला थांबलेला शेतकरी आभाळाकडे पाहत असतो. पहिला दमदार पाऊस झाला की त्या रात्री दिव्याभोवती पाखरांची झुंबड उडते, पाली भिंतीवर धावू लागतात आणि सकाळी ओसरीवर केरसुणीने लोटावेत इतके सुटे पंख पडलेले असतात. त्याच सुमारास परसात, नळाच्या ओल्या कडेला किंवा शेवग्याच्या बुंध्याशी, एखादी जाडसर काळी मुंगी एकटीच फिरताना दिसते. तिच्या मागेपुढे रांग नसते, तोंडात दाणा नसतो. वाटेतल्या प्रत्येक फटीत ती डोकं घालून पाहते आणि पुढे सरकते.

म्हण खरी आहे ती नरांपुरती. मीलनाचं उड्डाण झालं की नर लवकरच मरतात. राणी मात्र स्वतःचे पंख स्वतःच मोडून टाकते, जमिनीत शिरते आणि तिथून पुढे वर्षानुवर्षं अंडी घालत राहते. युरोपात बागांमधून सर्रास आढळणाऱ्या लासियस नायजर या काळ्या मुंगीची एक राणी पाळणुकीत २८ वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे. एवढ्या आयुष्यात पंखांचं खरं काम पडतं ते एका उड्डाणापुरतं.

परसात दिसलेली ही मुंगी राणी आहे का, आणि असेल तर कोणत्या जातीची, हा प्रश्न ऐकायला साधा आहे. त्याचं उत्तर देण्याची रीत बसायला मात्र दोन शतकांहून अधिक काळ लागला आणि त्या इतिहासातली काही महत्त्वाची पानं महाराष्ट्रात लिहिली गेली. या काळात मोठमोठ्या अभ्यासकांनी एकाच बिळातल्या मुंग्यांना निरनिराळ्या जातींची, कधी निरनिराळ्या प्रजातींची, म्हणजे जातींच्या गटांची, नावं दिली. प्रत्येक वेळी कारण तेच होतं: मुंगी हाती आली ती एकटी, तिच्या बिरादरीवाचून.

ओळखीची सुरुवात उदई वेगळी काढण्यापासून होते. पहिल्या पावसानंतर दिव्यावर येणारा मोठा थवा बहुतेकदा उदईचा, म्हणजे वाळवीचा असतो. तिचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात, कंबर जाड असते आणि मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ दिसतात. मुंगीचे पुढचे पंख मागच्यांपेक्षा लांब असतात, कंबर दोऱ्यासारखी बारीक असते आणि मादीच्या मिशांना कोपरासारखा बाक असतो. नागपंचमीला ज्या वारुळाची पूजा होते तेही बहुधा उदईनेच बांधलेलं असतं. त्या दिवशी जमीन न खणण्याची, नांगर न धरण्याची रीत विदर्भातल्या गावांत पाळली जाते. या वारुळातल्या राणीची माहिती शास्त्राला तुलनेने लवकर मिळाली. योहान गेरहार्ट क्योनिग या निसर्गअभ्यासकाने तंजावरच्या परिसरातल्या वाळवीवर १७७९ मध्ये लिहिलं आणि हेन्री स्मिथमनने आफ्रिकेतल्या वाळवीच्या राजा-राणीचं वर्णन १७८१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवलं. उदईची राणी आयुष्यभर एका कोठडीत पडून असते. वारूळ फोडलं की ती सापडते, आपल्या सगळ्या गोतावळ्यासह.

मुंगीचं तसं नाही.

विदर्भात सगळीकडे दिसणारा मोठा काळा मुंगळा घ्यावा. शास्त्रीय नाव कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. वर्गीकरणतज्ज्ञ लिनीयसचा शिष्य योहान ख्रिश्चन फॅब्रिशियस याने १७८७ मध्ये या जातीचं वर्णन केलं. शेताच्या धुऱ्यावरच्या बाभळीवर हे मुंगळे शिंगाड्या तुडतुड्यांच्या पाठीशी उभे राहून त्यांनी सोडलेला गोड रस टिपताना दिसतात. त्यांच्या एकाच बिळात लहान, मध्यम आणि मोठ्या आकाराच्या कामकरी असतात. मोठ्या कामकरीचं डोकं भलं थोरलं, जबडे दणकट. नवखा माणूस तिलाच राणी समजतो. पण जवळून पाहिलं की फरक कळतो. मोठ्या कामकरीचा सगळा दिमाख डोक्यात असतो, डोक्यामागचं धड अरुंद असतं. राणीचं धड पाठीवर उंच आणि रुंद असतं, कारण उडण्याचे स्नायू तिथे भरलेले असतात. पंख झडून गेले तरी धडाच्या दोन्ही बाजूंना त्यांच्या मुळाशी छोटे खुंट आणि वण राहतात. भिंगातून पाहिलं तर माथ्यावर तीन साधे डोळे चमकतात, ते या मुंगळ्याच्या कामकरीला नसतात. नराचं डोकं अगदीच लहान, डोळे मोठे आणि पोट सडपातळ असतं. तेव्हा आकाराने मोठी मुंगी दिसली की आधी तिची पाठ पाहावी. ही एक सवय लावून घेतली तरी निम्म्या चुका टळतात.

एकट्या नमुन्यावरून नाव ठेवण्याचं एक ठळक उदाहरण कोकणी माणसाच्या परिचयाचं आहे. आंब्या-काजूवर पानं शिवून घरटी करणारी, कडकडून चावणारी तांबूस ओंबील. तिचं शास्त्रीय नाव ईकोफिला स्मारॅग्डिना. यातलं दुसरं पद पाचूच्या हिरव्या रंगावरून आलं आहे. भारतातली कामकरी ओंबील पाहून हे नाव कुणालाच सुचणार नाही. पण १७७५ मध्ये फॅब्रिशियसपुढे आली ती या जातीची राणी होती आणि राणी खरोखर हिरवी असते. आजही सगळी जात त्या एका राणीच्या रंगाने ओळखली जाते.

डोरायलस मुंग्यांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. पावसाळी रात्री दिव्यावर कधीकधी एक जाड, तपकिरी, लांबट पोटाचा कीटक धडकतो. लोक त्याला गांधीलमाशी समजून झटकतात. तो डोरायलसचा नर असतो. लिनीयसनेही आफ्रिकेतून आलेल्या अशाच एका नराला १७६४ मध्ये गांधीलमाशांच्या गटात टाकलं होतं. या मुंग्यांच्या कामकरी आंधळ्या असतात, जमिनीखाली राहतात आणि नराशी त्यांचं काडीचंही साम्य नसतं. म्हणून एकोणिसाव्या शतकात त्यांना टायफ्लोपोन असं वेगळं प्रजातीनाम मिळालं. राणी तर पंखाविना, डोळ्यांविना, फुगलेल्या पोटाची. जावा बेटावर सापडलेल्या अशा एका राणीवरून १८६३ मध्ये डिक्थाडिया ही आणखी एक प्रजाती उभी राहिली. नर, कामकरी आणि राणी या तिघांचं गोत्र एकच आहे हे जुळवायला कित्येक दशकं गेली.

महाराष्ट्रातला या विषयाचा पहिला मोठा निरीक्षक म्हणजे विल्यम हेन्री साइक्स. मुंबई सरकारने १८२४ मध्ये त्याला दख्खनच्या पाहणीवर नेमलं. लोकसंख्या, पिकं, हवामान यांच्या आकड्यांबरोबर त्याने पक्षी, मासे आणि मुंग्याही टिपल्या. जून १८२९ मध्ये पुण्यात, पाऊस नुकताच सुरू झाला असताना, सकाळच्या फेरफटक्यात त्याला कवायतीच्या मैदानाजवळ गवताच्या बियांचे मूठमूठभर ढीग दिसले. शेकडो मुंग्या बिळातून बी वर आणत होत्या. आतला साठा पावसाने भिजला असावा आणि पहिलं ऊन पडताच तो वाळवायला बाहेर काढला असावा, असं त्याने अनुमान केलं. ऑक्टोबरातही त्याने असाच प्रकार पाहिला. आपल्याकडे जोंधळ्याच्या खळ्यावर वाढलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. युरोपात मात्र त्या काळी मुंग्या धान्य साठवतात ही प्राचीनांची भाकडकथा मानली जाई. पूर्वजांनी मुंग्यांचे कोश पाहिले आणि त्यांना दाणे समजले, असं तिथले विद्वान सांगत. थंड मुलखात पाहिलेल्या मुंग्यांवरून त्यांनी साऱ्या जगाचा निष्कर्ष काढला होता. पुण्याच्या या नोंदीने त्या समजुतीला धक्का दिला. साइक्सने त्या मुंगीला दिलेल्या नावात ‘पुढची तरतूद करणारी’ असा अर्थ आहे आणि फायडोल प्रोव्हिडेन्स या रूपात ते आजही चालतं.

साइक्सची दुसरी गोष्ट तर घराघरातली आहे. मिठाईच्या टेबलाचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवले, तरी मुंग्या पोहोचल्या. पायांना टर्पेंटाइन फासलं, तेव्हा काही दिवस निभावलं. मग पुन्हा मिठाईत मुंग्या. टेबल भिंतीपासून थोडं सरकवलेलं होतं. साइक्सने पाहत राहून शोध लावला: मुंगी भिंतीवर टेबलाच्या वर फूटभर चढायची आणि तिथून स्वतःला खाली मिठाईवर सोडून द्यायची. अशा चिकाटीने पाहणारा माणूस दुर्मीळ असतो. तरीही त्याचं लक्ष कामकरी मुंग्यांवर राहिलं, कारण त्याच दिसतात.

साइक्सने पुण्यात ही निरीक्षणं केली तेव्हा वर्धा जिल्हा नकाशावर नव्हता. तो १८६२ मध्ये नागपुरातून वेगळा काढला गेला. आधी पुलगावजवळच्या कवठ्याला कचेरी होती, मग १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागी वर्धा शहर वसवण्यात आलं. रेल्वे आली, कापसाच्या गाठी मुंबईला जाऊ लागल्या. त्याच मुंबईत १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टर होते आणि साताऱ्यात जन्मलेला एडवर्ड हॅमिल्टन एटकिन होता. १८८६ पासून संस्थेचं नियतकालिक निघू लागलं आणि परसातल्या किड्यामुंगीची नोंद करणाऱ्याला प्रथमच हक्काची जागा मिळाली.

या नियतकालिकात मुंग्यांना मानाचं पान मिळवून दिलं ते वनखात्यातल्या रॉबर्ट चार्ल्स रॉटन यांनी. ‘अवर अँट्स’ ही त्यांची लेखमाला १८९२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांनी जमवलेल्या मुंग्या स्वित्झर्लंडमध्ये ऑगस्ट फोरेल यांच्याकडे जात. फोरेल हे झुरिचच्या बुर्गहोल्झली मनोरुग्णालयाचे संचालक आणि त्या काळातले अव्वल दर्जाचे मुंगीतज्ज्ञ. पुढे स्वित्झर्लंडने आपल्या हजार फ्रँकच्या नोटेवर त्यांचं चित्र छापलं. भारत आणि श्रीलंकेतल्या मुंग्यांवरचा त्यांचा फ्रेंच भाषेतला दीर्घ प्रबंध मुंबईच्या या नियतकालिकातच क्रमशः येत राहिला. एका मनोविकारतज्ज्ञाने दवाखान्याचा व्याप सांभाळून पुणे-ठाण्याच्या मुंग्या तपासाव्यात, ही त्या काळच्या ज्ञानव्यवहाराची विलक्षण गोष्ट आहे.

फोरेलही एकदा चकले आणि ती चूक पुण्याच्या मुंगीने घडवली. रॉटन यांनी पुण्याहून पाठवलेल्या एका बारीक मुंगीवरून त्यांनी १८९० मध्ये एमेरिया ही नवी प्रजाती स्थापली आणि मुंगीला रॉटन यांचं नाव दिलं. या मुंगीचे नर बिनपंखी, दिसायला कामकरीसारखे होते. मुंगीचा नर म्हटला की पंख हवेतच, असा तोवरचा सर्वसाधारण अनुभव. दोनच वर्षांत फोरेल यांनी स्वतः ही प्रजाती मागे घेतली आणि मुंगीला आधीच माहीत असलेल्या कार्डिओकॉन्डायला प्रजातीत नेलं. त्या जातीत पंखवाले आणि बिनपंखी असे दोन्ही प्रकारचे नर असतात. बिनपंखी नर काय करतात हे कळायला जवळपास शंभर वर्षं लागली: १९८७ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिलं की ते घरट्यातच राहतात आणि मादीसाठी एकमेकांशी जिवावर उदार होऊन लढतात. रॉटन यांचं नाव त्या मुंगीला आजही चिकटून आहे.

या सगळ्या कामाचा ताळेबंद चार्ल्स टॉमस बिंगम यांनी १९०३ मध्ये मांडला. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालिकेतला मुंग्यांचा खंड त्यांचा. शंभर वर्षांहून जुना असला तरी भारतीय मुंग्यांचा अभ्यासक आजही तो उघडतो. परसात राणी सापडलेल्या माणसाची अडचण मात्र इथेच सुरू होते. बिंगमच्या ओळखतालिका कामकरी मुंगीवर बेतलेल्या आहेत. मिशीचे सांधे, कंबरेच्या गाठी, डोक्याची ठेवण हे सगळं कामकरीचं मोजायचं. राणी त्यात नीट बसत नाही. ही बिंगमची हयगय नव्हती. संग्रहात येतात त्या कामकरी. राणी आयुष्यात एखाद्या संध्याकाळी उघड्यावर येते आणि मग जमिनीखाली जाते.

वर्ध्यात राणी ओळखण्याची विद्या आली ती वेगळ्या वाटेने, मधमाशीच्या. १९३४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेत, मगनवाडीत, त्याचं ठाणं होतं आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस होते. तेलघाणी, हातसडीचा तांदूळ, हातकागद यांच्याबरोबर संघाने मधमाशीपालनही हाती घेतलं. पोळं पिळून मध काढणाऱ्याला राणीशी कर्तव्य नसतं, कारण तो पोळ्यासकट सगळंच संपवतो. पेटीत वसाहत राखणाऱ्याला मात्र राणी डोळ्यांनी ओळखावीच लागते. ती आहे की नाही, अंडी घालते की नाही, यावर पेटी टिकते. युरोपात अॅरिस्टॉटलपासून तिला राजा समजत. चार्ल्स बटलर या इंग्रज पाळकाने १६०९ च्या पुस्तकात ती मादी असल्याचं ठासून सांगितलं आणि त्याच शतकात डच अभ्यासक यान स्वामरडाम याने तिचं पोट उघडून अंडाशय दाखवलं. पेटी उघडणाऱ्याला एक सोय असते. राणीभोवती तिचा सगळा कबिला हजर असतो, म्हणून ती कोणत्या जातीची याचा प्रश्नच उरत नाही.

कुमारप्पांनी मधमाशीकडे आणखी एका नजरेने पाहिलं. जबलपूरच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या पुस्तकात त्यांनी निसर्गातल्या अर्थव्यवस्थांचे प्रकार पाडले. फुलातून रस घेताना त्याच्या फलनाला हातभार लावणारी आणि साऱ्या पोळ्यासाठी राबणारी माशी त्यांना वाघ-माकडाच्या अर्थव्यवस्थेपेक्षा वरची वाटली. त्यांच्या उदाहरणाचं केंद्र राणी नाही, राबणारी माशी आहे. कीटकशास्त्राशी हे जुळतं. मधमाशीची राणी हुकूम सोडत नाही आणि मुंगीचीही नाही. ती अंडी घालते, बाकीचा कारभार कामकरींच्या आपसांतल्या व्यवहाराने चालतो.

काही मुंग्यांनी तर राणीवाचूनच संसार मांडला आहे. महाराष्ट्रात परसात, झाडाच्या बुंध्याशी एक राखाडी-काळी, अंगावर बारीक रेघांची नक्षी असलेली, एकेकटी हिंडणारी मोठी मुंगी दिसते. ती डायाकामा. एक मुंगी पुढे आणि दुसरी तिला मिशांनी स्पर्श करत मागे, अशी त्यांची जोडी कधीकधी नव्या घराकडे जाताना दिसते. डायाकामाची वेगळी दिसणारी राणी अभ्यासकांना सापडत नव्हती. १९८९ च्या सुमारास उलगडा झाला. ती नसतेच. प्रत्येक कामकरी जन्मते तेव्हा तिच्या धडावर दोन छोटे उंचवटे असतात. जी मुंगी आपले उंचवटे टिकवते ती मीलन करून अंडी घालते. नव्याने जन्मलेल्या इतरांचे उंचवटे कुरतडून टाकले जातात आणि त्या आयुष्यभर कामकरी राहतात. अशा वसाहतीत पंखांचे वण शोधणारा माणूस कितीही पाहिलं तरी रिकाम्या हाताने परतेल.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राज्यवार यादीत भारतातल्या मुंग्यांच्या ८२८ जाती-उपजाती आणि १०० प्रजाती नोंदल्या आहेत. एवढ्या पसाऱ्यात परसातली एकटी राणी नुसत्या फोटोवरून जातीपर्यंत नेणं बहुतेकदा अशक्य असतं. प्रजातीपर्यंत जाता येतं आणि तेही काही कमी नाही. त्यासाठी फोटो वरून आणि बाजूने असे दोन्ही हवेत. बाजूच्या फोटोत कंबरेला एक गाठ आहे की दोन हे दिसतं आणि तिथेच मोठे गट वेगळे होतात. मुंगळ्याला एक गाठ, फायडोलला दोन. शेजारी मोजपट्टी ठेवावी. तारीख, वेळ, आदल्या दिवशीचा पाऊस, जागा आणि दिवा होता का, हे लिहून ठेवावं, कारण प्रत्येक जातीचं उड्डाण आपल्या ठरावीक हवामानात आणि वेळेला होतं. आर्वी, हिंगणघाट, समुद्रपूरच्या शाळांमधून मुलांनी मृगापासून पोळ्यापर्यंत अशा नोंदी ठेवल्या तर विदर्भाच्या मुंग्यांचं पंचांग तयार होईल. पुण्याला साइक्स आणि रॉटन लाभले, तशी पाहणारी माणसं या मातीलाही मिळायला हवीत.

आणि जातीपर्यंत जायचंच असेल तर राणीला तिचा संसार मांडू द्यावा लागतो. त्याची रीत जगभर एकच आहे. काचेची परीक्षानळी घ्यायची, तळाशी पाणी भरायचं, त्यावर कापसाचा घट्ट बोळा बसवायचा, पुढच्या कोरड्या भागात राणी सोडायची आणि तोंडाला दुसरा बोळा लावून नळी अंधारात ठेवायची. वर्ध्यात कापूस शोधायला जावं लागत नाही. मुंगळ्याच्या राणीला या काळात अन्न लागत नाही. उडण्याचे ते मोठे स्नायू आता कामाचे नसतात. ते आतल्या आत विरघळतात आणि त्या पोषणावर ती पहिल्या अळ्या वाढवते. पहिल्या खेपेच्या कामकरी आकाराने खुरट्या निघतात, म्हणून त्यांच्यावरून लगेच निवाडा करायचा नसतो. त्या बाहेर पडून साखरपाणी आणि मेलेले किडे आणू लागल्या की पुढच्या खेपेला नेहमीच्या मापाच्या मुंग्या जन्मतात. त्यांतली एक भिंगाखाली धरली की बिंगमची तालिका पहिल्या ओळीपासून वाचता येते.